पाऊस डोंगर वाढवतो का?



बाहेर पाऊस असूनही सभागृह भरलेलं आहे, त्याबद्दल आधी आपले आभार. विषयच डोंगर आणि पाऊस यांच्या नात्याचा असल्यामुळे मला आजच्या सरींवर रागावता येत नाही. सूत्रसंचालकांनी माझ्या वयाचा दोनदा आदरपूर्वक उल्लेख केला. भूविज्ञानाच्या माणसाला तो लागत नाही. आमच्याकडे दहा लाख वर्षं इकडेतिकडे झाली तरी कुणी हरकत घेत नाही.

विषय तसा सरळ वाटतो. जमिनीच्या पोटातल्या हालचाली डोंगर उभे करतात आणि ऊन, पाऊस, बर्फ ते झिजवतात. शाळेत आपण सगळे हेच शिकलो. यातलं पहिलं विधान बरोबर आहे. दुसरं अपुरं आहे. जो पाडतो त्याचा उभारणीतही हात असतो. तो हात किती मोठा, यावर गेली पस्तीसेक वर्षं आमच्या शास्त्रात भांडण चाललं आहे. त्या भांडणात मी कुठल्या बाजूला उभा आहे, हे मी लपवणार नाही.

सुरुवात ओळंब्यापासून करतो. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन टांगतो, तोच ओळंबा. वजन थेट खाली, पृथ्वीच्या केंद्राकडे जातं असं आपण धरून चालतो. पण शेजारी हिमालयाएवढा डोंगर असेल तर? त्यालाही वस्तुमान आहे. तो वजनाला किंचित आपल्याकडे ओढणारच. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती, तेव्हा नेमका हा प्रश्न उभा राहिला. उत्तरेत मुझफ्फरनगरजवळचं कलियाना आणि दक्षिणेला मध्य भारतातलं कल्याणपूर, या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं. एकदा जमिनीवर त्रिकोणांची साखळी मांडून, एकदा ताऱ्यांवरून अक्षांश काढून. उत्तरं जुळेनात. फरक ५.२३६ सेकंदांचा, घड्याळातले सेकंद नव्हेत, अंशाचे. जमिनीवर तो होतो सुमारे १६० मीटर. सहाशे किलोमीटरमध्ये १६० मीटर म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटेल. मोजणीवाल्यांना तसं वाटलं नाही, आणि त्यांच्या त्या हट्टाचे आपण ऋणी आहोत.

कलकत्त्याला जॉन प्रॅट नावाचे आर्चडीकन होते. पेशानं धर्मोपदेशक, तयारीनं गणिती. हिमालय ओळंब्याला किती ओढेल, याचा हिशेब त्यांनी मांडला. उत्तर आलं १५.८८५ सेकंद. म्हणजे प्रत्यक्षात सापडलेल्या फरकाच्या तिप्पट! डोंगर डोळ्यांना दिसतो तेवढा ओढतच नव्हता. मग काय, हिमालय आतून पोकळ आहे? १८५५ साली इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असतं. ते मूळ खालच्या जड खडकात रुतलेलं असतं आणि डोंगर त्यावर तरंगतो. प्रॅटना हे पटलं नाही, त्यांनी स्वतःची वेगळी उपपत्ती मांडली. हिमालयापुरतं तरी एअरींचं चित्र वास्तवाच्या जास्त जवळ निघालं. खंडांचं कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं. तिबेटखाली ते ६५ ते ७० किलोमीटर आहे.

आता कोकणातल्या एखाद्या धक्क्यावर मालानं भरलेला मचवा आठवा. पोती उतरवत जावं तसा तो पाण्यातून वर येतो. डोंगराचं तेच होतं. नद्यांनी वरचा दगड वाहून नेला की खालच्या खडकावरचं ओझं कमी होतं आणि उरलेला डोंगर वर उचलला जातो. सरासरी एक किलोमीटर जाडीचा थर निघून गेला, तर जमीन पुन्हा सुमारे ८०० मीटर वर येते. म्हणजे उंची घटली फक्त २०० मीटरनं.

इथे जरा थांबू या, कारण पुढची गंमत याच आकड्यात आहे. नदी काही सगळ्या डोंगरावरून सारखा रंधा फिरवत नाही. ती दरीतला दगड नेते; शिखराला तिचा स्पर्शही होत नाही. पण ओझं उतरलं म्हणून उचल मिळते ती मात्र दरी आणि शिखर दोघांनाही. मग शिखराचं काय होईल? त्याचं गेलं काहीच नाही, मिळाली ती निव्वळ उचल. डोंगराची सरासरी उंची कमी होते आणि शिखर वाढतं! पीटर मॉल्नर आणि फिलिप इंग्लंड यांनी १९९० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. शीर्षकातच विचारलं होतं, कोंबडी आधी की अंडं आधी. त्या वेळी बहुतेकांचं मत असं, की गेल्या काही दशलक्ष वर्षांत जगभरचे डोंगर उंच झाले आणि त्यामुळे हवामान थंड झालं. या दोघांनी गाडी उलटी फिरवली. हवामान आधी बदललं असेल, हिमनद्या आणि वादळी पाऊस वाढले असतील, दऱ्या खोल कोरल्या गेल्या असतील, आणि शिखरं उंचावलेली दिसतात ती त्याचा परिणाम म्हणून, असं का नसेल?

एव्हरेस्टचंच घ्या. २०२० साली नेपाळ आणि चीननं मिळून जाहीर केलेली उंची आहे ८,८४८.८६ मीटर. शेजारची शिखरं त्याहून दोन-अडीचशे मीटरनं तरी ठेंगणी आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सुमारे ८९ हजार वर्षांपूर्वी कोशी नदीच्या खोऱ्यानं अरुण नदीचा वरचा भाग आपल्याकडे ओढून घेतला. पाणी वाढलं, अरुणची घळ खोल झाली, आणि ओझं उतरल्यामुळे एव्हरेस्टला १५ ते ५० मीटरची जादा उंची मिळाली. आठ हजार मीटरांत पन्नास मीटर म्हणजे चिल्लर, हे मान्य. पण ती चिल्लर नदीनं दिली आहे!

आता मुख्य रक्कम कुणी दिली, तिकडे वळू. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. धडकेआधी त्याचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या वर होता, भूपट्टाच्या मानानं ती धावच. धडकेनंतर वेग मंदावला. थांबला मात्र नाही. आजही हिमालयाच्या पट्ट्यात वर्षाला दोनेक सेंटिमीटर जमीन आखडते आहे. या दोन खंडांच्या मधे टेथिस समुद्र होता. त्याचा तळ दुमडून वर आला. याचा पुरावा पाहायला लांब जायला नको. आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात शाळिग्राम असेल. काळा, हाताला गुळगुळीत, कधी एका कडेला छिद्र, आणि फुटलेला असेल तर आत चक्राकार कप्पे. ते कप्पे ज्युरासिक काळातल्या अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचे. आपण त्यावर तुळशीपत्र ठेवतो तेव्हा ते टेथिसच्या रहिवाशाला वाहिलेलं असतं. यात श्रद्धेला बाधा येण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. उलट भाव वाढावा.

हे शाळिग्राम मिळतात नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रात. ही नदी धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधून वाहते. दोन्ही शिखरं आठ हजार मीटरांच्या वर, आणि मधली नदी अडीच हजार मीटरांवर. आता सांगा, ज्या नदीचा उगम पर्वताच्या पलीकडे आहे ती पर्वत ओलांडून अलीकडे आली कशी? पाणी चढ चढत नाही. याचं जुनं उत्तर असं की ती नदी पर्वतापेक्षा वयानं मोठी आहे. पर्वत वर येत गेला, ती आपली जागा न सोडता कापत राहिली. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा यांची गोष्ट हीच.

सिंधू आणि ब्रह्मपुत्रा हिमालयाला दोन टोकांना वळसा घालतात. पश्चिमेच्या वळणावर नंगा पर्वत, ८,१२६ मीटर. पूर्वेच्या वळणावर नामचा बारवा, ७,७८२ मीटर. नेमक्या या दोन ठिकाणी जगातल्या सगळ्यात कोवळ्या खोल खडकांपैकी काही उघडे पडलेले आहेत. नंगा पर्वतावर असे खडक आहेत जे दहा-वीस लाख वर्षांपूर्वी कित्येक किलोमीटर खोल, तापलेल्या अवस्थेत होते. भूविज्ञानात दहा लाख वर्षं म्हणजे परवाची गोष्ट. एवढा खडक इतक्या लवकर वर आला कसा? २००१ च्या सुमारास पीटर झीटलर आणि सहकाऱ्यांनी कल्पना मांडली: बलाढ्य नदी एकाच जागी झपाट्यानं दगड नेते, तिथलं कवच पातळ होतं, खालचा तप्त आणि मऊ खडक त्या कमजोर जागेकडे ओढला जाऊन वर येतो, वर आला की नदी तोही नेते. हे चक्र आपलं आपण फिरत राहतं. ब्रह्मपुत्रेच्या गाळाचा जवळपास निम्मा भाग तिच्या खोऱ्याच्या जेमतेम दोन-तीन टक्के क्षेत्रातून, नामचा बारवाच्या आसपासच्या घळईतून येतो असा अंदाज आहे. हा गाळ जातो कुठे? गंगेच्या गाळाबरोबर तो बंगालच्या उपसागराच्या तळाशी पसरतो. श्रीलंकेच्याही दक्षिणेपर्यंत गेलेला, सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीचा तो पंखा आहे. हिमालयाची पूर्ण उंची मोजायची तर हा बुडालेला डोंगरही जमेला धरावा लागेल.

कल्पना इतकी देखणी आहे की ती खरीच असावी असं वाटू लागतं. अशा वेळी शास्त्रज्ञानं जरा सावध व्हावं. त्साङ्पोच्या, म्हणजे तिबेटातल्या ब्रह्मपुत्रेच्या, पात्रात घळईच्या वरच्या अंगाला झालेल्या खोदाईचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. शेकडो मीटर गाळाखाली जुनी खोल दरी गाडलेली सापडली. म्हणजे नदी तिथे एके काळी बरीच खोल वाहत होती. सुमारे वीस ते पंचवीस लाख वर्षांपूर्वी खालच्या अंगाला जमीन वर आली, पाण्याला बांध बसल्यासारखं झालं आणि मागची दरी गाळानं भरली. याचा अर्थ, उचल आधी आणि नदीची घाई नंतर. नदीनं आग भडकवली असेल. काडी ओढली ती जमिनीनंच.

या भांडणाचा सगळ्यात रंगलेला प्रयोग पाहायचा तर ‘नेचर’चा डिसेंबर २००३ मधला एक अंक काढावा. त्यात तीन शोधनिबंध एकापाठोपाठ एक छापले आहेत. पहिला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वताचा. तो म्हणतो, जिथे पाऊस जास्त तिथे लाखो वर्षांची झीजही जास्त. दुसरा तैवानचा. तो म्हणतो, झीज मुख्यतः भूकंपांशी आणि वादळी पुरांशी जुळते. तिसरा डग्लस बरबँक आणि सहकाऱ्यांचा, नेपाळातल्या मर्स्यांगदी खोऱ्याचा. तो म्हणतो, दक्षिण उताराचा पाऊस उत्तरेच्या कित्येक पट आहे, पण झिजेत तसा फरक दिसतच नाही. एका अंकात तीन उत्तरं! संपादकांना विनोदबुद्धी नसते असं कुणी म्हणू नये.

मर्स्यांगदीचा निष्कर्ष पचायला जड आहे, म्हणून तो समजून घेऊ. नेपाळात लुमलेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून उत्तरेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर जोमसोम, तिथे तीनशेच्या आसपास. तरीही झीज सारखी कशी? कारण जिथे पाणी कमी तिथे नदी आपला उतार तीव्र करून घेते, काही ठिकाणी बर्फ मदतीला येतं, आणि जमीन ज्या वेगानं वर येते त्या वेगानं दगड काढण्याची सोय डोंगर कशी ना कशी करतो. शेवटी उतार तीस-पस्तीस अंशांपलीकडे गेला की तो टिकत नाही, कोसळतो. तेव्हा पावसाचा आकडा बघून झीज सांगता येत नाही. वेग ठरवते ती उचल.

हवामानाची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला फार आवडतो, आणि तो पावसाच्या अभावाचा आहे. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या पायथ्याशी अटाकामाचं वाळवंट आहे. पाऊस नाही म्हणून नद्या नाहीत, नद्या नाहीत म्हणून समोरच्या खोल सागरी गर्तेत गाळ नाही. दोन भूपट्टांच्या मधे जो गाळ वंगणासारखा काम करतो, तोच तिथे नाही. त्यामुळे घर्षण जास्त, आणि त्या घर्षणाच्या जोरावर मागचा डोंगर एवढा उंच उभा राहू शकतो. सायमन लॅम आणि पॉल डेव्हिस यांनी २००३ मध्येच हे सुचवलं. कोरडेपणानं डोंगर तोलून धरला, असा त्याचा अर्थ. सर्वमान्य झालेलं नाही. पण कल्पकतेला दाद द्यावी अशी गोष्ट आहे.

बर्फाचं थोडक्यात सांगतो. हिमनदी डोंगराला हिमरेषेच्या आसपास सगळ्यात जोरात खाते. त्यामुळे बऱ्याच पर्वतरांगांमध्ये जमिनीचा मोठा हिस्सा त्या रेषेच्या जवळपासच अडकलेला दिसतो. जमीन कितीही वेगानं वर येवो, मोजकी शिखरं सोडली तर बर्फ तिला फार वर जाऊ देत नाही.

मग माझी बाजू कोणती? त्यासाठी मी आपल्याला घरी परत आणतो. शास्त्रात प्रयोग करायचा तर एक गोष्ट तशीच ठेवायची आणि दुसरी बदलायची. डोंगरांवर असा प्रयोग कोण करणार? निसर्गानं तो करून ठेवला आहे. एकाच मोसमी वाऱ्याचा पाऊस हिमालयावर पडतो आणि सह्याद्रीवरही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, पुढे माण-खटावात पाचशेच्या आसपास. लुमले आणि जोमसोमसारखीच जोडी! फरक एवढाच की सह्याद्रीखाली दोन भूपट्टांची टक्कर चालू नाही. इथला बहुतेक दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यानंतर थोड्याच काळात पश्चिमेची जमीन तुटून वेगळी झाली. आज ती सेशेल्सच्या बाजूला आहे. तेव्हापासून ही भारताची कड आहे आणि आपला कडा म्हणजे त्या तुटलेल्या काठाची मागे मागे सरकत आलेली भिंत. कोकणातला दगड वाहून गेला तसा घाटमाथाही थोडा उचलला गेला, मचव्याचा नियम इथेही लागू आहेच.

पण झीज किती? ती मोजायची एक सुरेख पद्धत आहे. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे जमिनीच्या वरच्या थरातल्या गारेच्या कणांत बेरिलियम-१० नावाचा पदार्थ तयार होतो. नदीतली मूठभर वाळू घ्यायची. तिच्यात हा पदार्थ जितका जास्त, तितकी ती जमीन सावकाश झिजते आहे. आपली पंचाईत अशी की आपल्या काळ्या कातळात गारेचे कण मुळात नाहीत. म्हणून ही मापं दक्षिणेकडच्या घाटांत झाली, जिथला खडक वेगळा आहे. तिथल्या पठारावर झीज निघाली दहा लाख वर्षांत दहाएक मीटर, कड्याच्या बाजूला काही दशक मीटर. हिमालयाच्या मुख्य रांगेवर हाच आकडा हजार मीटर आणि काही जागी त्याहून पुष्कळ अधिक. पाऊस तोच, झीज कित्येक पटींनी वेगळी. म्हणून मी म्हणतो, पाऊस किती पडला याआधी तो कशावर पडला हे विचारा. पोटातून दगड वर येत असेल तरच पावसाच्या हाताला काम असतं. ते काम कुठे करायचं, कुठली दरी खोल करायची, कुठलं शिखर थोडं अधिक उचलायचं, हे मात्र पाऊस ठरवतो. त्याच्याकडे एवढा अधिकार नक्की आहे, आणि नामचा बारवा पाहिल्यावर तो कमी आहे असं कोण म्हणेल?

आता एक इशारा. मी मघापासून ‘वर्षाला अमुक मिलिमीटर’ असं बोलतो आहे. हे सगळे सरासरीचे आकडे आहेत आणि सरासरीनं कुठलाही डोंगर झिजत नाही. वर्षानुवर्षं जवळपास काही घडत नाही, मग एका रात्रीत घडतं. ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट वादळानं तैवानच्या डोंगरात चार-पाच दिवसांत अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतला. २५ एप्रिल २०१५ च्या गोरखा भूकंपात नेपाळच्या उतारांवर पंचवीस हजारांच्या आसपास दरडी कोसळल्या. १२ मे २००८ ला चीनमध्ये वेनचुआनला भूकंप झाला, त्यानं जमीन वर उचलली. पण एका अंदाजानुसार जितका डोंगर उचलला त्याहून अधिक दगड दरडींनी खाली आणला. म्हणजे डोंगर उभारणारा भूकंप त्या दिवसापुरता डोंगर पाडणाराही होता. आणि ७ फेब्रुवारी २०२१ चं चमोली? सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ रौंथी शिखराच्या उतारावरून सुटून खाली आलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी पाऊस नव्हताच.

सह्याद्री झिजतो हळू, पण तोही सरासरीनं नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, दीडशेहून अधिक माणसांसकट. जुलै २०२३ मध्ये रायगडात इर्शाळवाडी. टणक कातळावर कुजलेल्या खडकाची नि मातीची जाड साय असते. ती पाण्यानं फुगते, आतला दाब वाढतो, आणि कातळावरून सुटते. दहा लाख वर्षांत काही दशक मीटर या आकड्याच्या पोटात अशा रात्री असतात. घाटात रस्ता कापताना, उतारावर सपाटीकरण करताना सरासरीचा आकडा हाती धरून कुणी धीर देऊ लागलं, तर त्यांना हे जरूर ऐकवा.

वेळ संपत आली आहे, तरी एक जागा सांगून थांबतो. महाबळेश्वरला गेलात तर आर्थर सीटवर फक्त फोटो काढून परतू नका. एका हाताला सावित्रीचं खोरं दिसतं, दुसऱ्या हाताला जोरचं, कृष्णेच्या बाजूचं. सावित्री शंभरेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठते. कृष्णा तेवढीच उंची उतरायला देश ओलांडून तेराशे-चौदाशे किलोमीटर चालते. उतार कुणाचा तीव्र, हे सांगायला नकोच. तीव्र उताराची नदी आपल्या माथ्याकडे खात जाते, म्हणून दोन खोऱ्यांमधला हा जलविभाजक पूर्वेकडे सरकतो आहे आणि सावित्रीकडे कृष्णेच्या वाट्याचा डोंगर थोडा थोडा जातो आहे. इथे कोण जिंकणार यावर मी पैज लावायला तयार आहे, फक्त पैसे वसूल करायला आपल्यापैकी कुणी शिल्लक नसेल. कार्यकर्त्यांनी दहा मिनिटं प्रश्नांसाठी राखली आहेत, असं मला सांगितलं आहे. विचारा.